तोर्चेल्लोचे कॅथेड्रल

व्हेनिसच्या ईशान्येस, ॲड्रिॲटिक समुद्राच्या कडेने पसरलेल्या उथळ खाजणात तोर्चेल्लो नावाचे लहानसे बेट आहे. तिथले सांता मारिया आस्सुंता, म्हणजे स्वर्गारोहित मरियामातेचे कॅथेड्रल, ६३९ साली स्थापन झाले. व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या बॅसिलिकेची पहिली वास्तू उभी राहायला त्यानंतर जवळजवळ दोन शतके जायची होती. पुढे व्हेनिस वाढले आणि तोर्चेल्लो ओस पडले. पण जुन्या खाजणवस्तीचे चर्च कसे असे, हे आज पाहायचे तर तोर्चेल्लोलाच जावे लागते.

या चर्चचे मूळ बेटावर नव्हे, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. खाजणाच्या काठी आल्तिनो हे रोमन काळातले सधन शहर होते. तिथली लोकर साम्राज्यभर नावाजलेली होती. ४५२ साली आत्तिलाच्या हूणांनी ते लुटले. ५६८पासून लोम्बार्ड टोळ्या उत्तर इटलीत उतरल्या आणि किनाऱ्याकडे सरकत राहिल्या, तसे लोक टप्प्याटप्प्याने बेटांवर येऊ लागले. घोडेस्वारांच्या सैन्याला चिखल, खाड्या आणि भरती-ओहोटी ओलांडणे अवघड होते, तेच या वस्तीचे खरे संरक्षण. सातव्या शतकात आल्तिनोचे बिशपही संतांच्या अस्थी आणि धर्मपीठ घेऊन तोर्चेल्लोला आले.

चर्चच्या स्थापनेचा लॅटिन शिलालेख वेदीजवळच्या भिंतीत बसवलेला आहे. त्यात बायझंटाईन सम्राट हेराक्लियसच्या कारकिर्दीचे वर्ष, रावेन्नातील त्याचा प्रतिनिधी इसाक, सेनाधिकारी मॉरिशियस आणि बिशप मॉरस यांचा उल्लेख आहे. एवढ्या थोडक्या ओळींतून बरेच कळते. हे खाजण तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या सत्तेखाली होते आणि चर्च बांधणे ही धर्माइतकीच राज्यकारभाराचीही बाब होती. चर्च ‘देवाच्या मातेला’ अर्पण केले होते, हेही त्याच लेखावरून समजते.

बेटावर आलेले लोक केवळ निर्वासित म्हणून राहिले नाहीत. त्यांनी मिठागरे घातली, मासेमारी केली, होड्या बांधल्या आणि पूर्वेकडच्या बंदरांशी व्यापार वाढवला. १९६१-६२ साली पोलिश पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात इथे मध्ययुगाच्या आरंभकाळातील काचेच्या भट्टीचे अवशेष सापडले. काचकामासाठी खाजणातलेच मुरानो बेट प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीचे. ८२८ साली सेंट मार्कच्या अस्थी अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला आणणाऱ्या दोन व्यापाऱ्यांपैकी रुस्तिको हा तोर्चेल्लोचाच होता, असे परंपरा सांगते. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने आपल्या ग्रंथात तोर्चेल्लोची नोंद मोठी व्यापारपेठ म्हणून केली आहे.

चर्चची वास्तू या भरभराटीबरोबर बदलत गेली. नवव्या शतकात, ८६४च्या सुमारास, तिच्यात मोठे फेरबदल झाले. आज दिसणारी वास्तू मुख्यतः १००८ सालची. व्हेनिसचा डोज, म्हणजे राज्यप्रमुख, दुसरा पिएत्रो ओर्सेओलो याचा मुलगा ओर्सो तेव्हा इथला बिशप होता आणि त्याच्या पुढाकाराने ती उभी राहिली. नव्या पद्धतीचे चर्च बांधण्याइतका पैसा आणि वजन या घराण्याकडे नक्कीच होते. तरीही आराखडा जुनाच राहिला: रोमन सभागृहावरून आलेली सरळ, लांबट बॅसिलिका, मधे उंच दालन, दोन्ही बगलांना ठेंगणी दालने, पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा. यात जुन्या चर्चशी नाते न तोडण्याची इच्छा दिसते.

बाहेरून चर्च अगदी साधे आहे: विटांच्या भिंती, त्यांवर उथळ पट्ट्या, पश्चिमेला ओसरी. ओसरीसमोर सातव्या शतकातील गोल बाप्तिस्मागृहाचा पाया उघडा पडलेला दिसतो. दक्षिणेकडच्या खिडक्यांची दारे मात्र नजरेतून सुटत नाहीत. ती लाकडाची नसून अखंड दगडी फळ्यांची आहेत आणि दगडाच्याच खुंट्यांवर फिरतात. समुद्राकडून येणाऱ्या वादळांना आणि खाऱ्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी याहून टिकाऊ उपाय त्या काळी नव्हता.

आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो उजेड. संगमरवरी स्तंभांच्या, प्रत्येकी नऊच्या, दोन रांगा मधले दालन बगलांपासून वेगळे करतात. वर कमानी आणि लाकडी छत. जमिनीवर रंगीत दगडांची अकराव्या शतकातील नक्षी आहे. गाभाऱ्याच्या पुढे कोरीव दगडी पडदी असून तिच्या फलकांवर पाणी पिणारे मोर आणि वेलींत गुंतलेले सिंह आहेत. इतके हलके, जिवंत कोरीवकाम त्या काळच्या उत्तर इटलीत फार थोड्या ठिकाणी आढळते. गाभाऱ्यात अर्धवर्तुळाकार पायऱ्या-पायऱ्यांची दगडी बैठक आहे. मधोमध उंचावर बिशपचे आसन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धर्मगुरू अशी ती रचना. पुढच्या काळात बहुतेक चर्चांतून ही प्राचीन व्यवस्था मोडली गेली, इथे ती टिकली. वेदीखाली एक रोमन दगडी शवपेटी आहे. तिच्यात आल्तिनोचे पहिले बिशप संत हेलिओडोरस यांच्या अस्थी असल्याचे मानले जाते. मुख्य भूमीवरच्या हरवलेल्या शहराशी बेटाचे नाते सांगणारी ही सर्वांत ठळक खूण.

मोझेक चित्रे ही या चर्चची सर्वांत मोठी संपत्ती. गाभाऱ्याच्या अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर मरियामाता एकटी उभी आहे, कडेवर बाळ येशू. तिच्या पायांखाली बारा प्रेषितांची रांग आहे. वरच्या विस्तीर्ण सोनेरी पोकळीत मात्र दुसरे काहीही नाही. काचेच्या तुकड्यांत सोन्याचा वर्ख भरून केलेले हे काम गाभाऱ्याच्या वक्र पृष्ठभागावर आहे, त्यामुळे पाहणारा हलला की प्रकाशही सरकतो. कलावंताने मोकळ्या जागेवर एवढा विश्वास टाकल्याचे उदाहरण मध्ययुगीन कलेत दुर्मीळच. उजवीकडच्या लहान गाभाऱ्याच्या छतावर चार देवदूतांनी उचलून धरलेला कोकरू आहे. त्याची प्रेरणा रावेन्नातील सान व्हिताले चर्चच्या मोझेकांतून आलेली स्पष्ट दिसते.

समोरची पश्चिम भिंत याच्या अगदी उलट, पूर्ण भरलेली. तिच्यावर एकाखाली एक पट्ट्यांत क्रूसावरचा मृत्यू, येशूचे मृतलोकात उतरणे आणि अंतिम न्याय चितारला आहे. देवदूत कर्णे फुंकतात, तेव्हा जमिनीवरची श्वापदे आणि समुद्रातले जलचर आपण गिळलेली माणसे बाहेर टाकतात. ज्यांच्या घरातली माणसे समुद्रावर गेली आणि परतली नाहीत, त्या बेटवासीयांसाठी चित्राचा हा भाग किती जिव्हाळ्याचा असेल! दरवाजाच्या वर आत्म्यांचे वजन तराजूत होते. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला पुण्यवंत, उजव्या हाताला अग्नी आणि कप्प्याकप्प्यांचा नरक. उपासना संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला या चित्राखालूनच जावे लागे.

कॅथेड्रलशेजारी अकराव्या-बाराव्या शतकातील सांता फोस्का हे छोटे चर्च आहे. समान भुजांच्या क्रूसाचा आराखडा, भोवती अष्टकोनी धर्तीची कमानदार ओसरी. घुमटाची योजना असावी, पण छत लाकडीच राहिले. चौकातल्या दगडी खुर्चीला ‘आत्तिलाचे सिंहासन’ म्हणतात. हूण राजाशी तिचा काही संबंध नाही.

बेटाचा घात पाण्यानेच केला. सिले आणि इतर नद्यांच्या गाळाने या बाजूच्या खाड्या भरत गेल्या, जहाजांची वाट अडली. खाऱ्या पाण्याच्या जागी गोड्या पाण्याची दलदल आली, बोरू माजला आणि हिवताप पसरला. व्हेनिसने पुढे नद्यांची मुखे वळवली, तोवर उशीर झाला होता. व्यापार व्हेनिसकडे गेला, माणसे मुरानो आणि बुरानोला गेली. रिकाम्या वाड्यांचे व मठांचे दगड होड्यांत भरून व्हेनिसच्या बांधकामांना नेले गेले. १६८९मध्ये बिशपांनी आपला मुक्काम मुरानोला हलवला आणि १८१८मध्ये हा धर्मप्रांतच रद्द झाला. कॅथेड्रलची नव्या फॅशनप्रमाणे पुनर्बांधणी करायला बेटावर ना पैसा उरला होता, ना माणसे. अकराव्या शतकातली वास्तू आजवर टिकली, त्याचे हे एक मोठे कारण.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने व्हेनिसच्या स्थापत्यावरील आपल्या ग्रंथात तोर्चेल्लोला स्वतंत्र प्रकरण दिले आणि युरोपचे लक्ष पुन्हा इकडे वळले. त्याच शतकात झालेली मोझेकांची दुरुस्ती मात्र सर्वस्वी हिताची ठरली नाही. अनेक भाग काढून त्यांच्या जागी नवे बसवले गेले आणि मूळ तुकडे विखुरले. पश्चिम भिंतीचा वरचा भाग पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. १८७०मध्ये बेटावर संग्रहालय सुरू झाले आणि उरलेल्या अवशेषांपैकी काहींना तिथे आसरा मिळाला. आज बेटावर मोजकीच माणसे राहतात. बाकीचे व्हेनिसहून होडीने येतात आणि कालव्याच्या काठाने चालत चर्चपर्यंत जातात.