कुलूपबंद आज्ञावली आणि मतदाराचा विश्वास

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचे राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. सीमा कागदावर आखली गेली खरी. परंतु डोंगराळ मुलखातील परमडोली, मुकदमगुडा इत्यादी गावांवर दोन्ही राज्ये दीर्घकाळ आपला हक्क सांगत राहिली. बव्हंशी मराठी भाषिक असलेल्या या गावकऱ्यांची नावे दोन्हीकडील मतदारयाद्यांत नोंदली गेली. २०२४ साली लोकसभेसाठी चंद्रपूर मतदारसंघात १९ एप्रिलला आणि आदिलाबाद मतदारसंघात १३ मे रोजी मतदान झाले. योगायोग असा की, या दोन तारखांच्या दरम्यान, २६ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने मतदानयंत्राविषयीचा आपला निर्णय जाहीर केला. गाव कोणत्या राज्याचे याविषयी वाद असेल; यंत्र मात्र दोन्हीकडे एकाच घडणीचे. त्या यंत्राच्या पोटात काय चालते आणि ते कोणाला पाहता येते, हा प्रश्न म्हणूनच साऱ्या देशाचा आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पोलादी पेटी निराळी असे. अशा लक्षावधी पेट्या मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. पेटी रिकामी आहे हे आधी सर्वांना दाखवावे आणि मगच तिला मोहोर लावावी, असा हा व्यवहार होता. तेथे परीक्षक होता तो मनुष्याचा डोळा. त्याला शास्त्रज्ञानाची गरज नव्हती.

पुढे यंत्र आले. १९८२ साली केरळातील परवूर येथे ५० मतदानकेंद्रांवर त्याचा पहिला प्रयोग झाला. कायद्याचा आधार नसल्याने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला. तेव्हा कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत यंत्र देशभर पोहोचले. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी संस्था ते बनवितात. सामान्य संगणकातील आज्ञावली हवी तेव्हा बदलता येते. या यंत्रातील आज्ञावली मात्र चिपमध्ये एकदाच कोरली जाते. तिच्यावर दुसरे काही लिहिता येत नाही. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. दूरवरून कोणी आज्ञा पालटील, ही भीती त्यामुळे पुष्कळ अंशी दूर होते.

पण कुलपाला दोन बाजू असतात. चोर आत शिरत नाही, तसा घरधन्यालाही आत डोकावता येत नाही! जी आज्ञावली बदलता येत नाही, ती वाचताही येत नसेल, तर आत कोरलेली आज्ञावली मूळचीच आहे याची खात्री कशी करावी? शिवाय कुलूप आहे ते चिपला; चिप ज्या यंत्रात बसविली, त्या यंत्राला नव्हे. २०१० साली हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेचे हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे खोंग्राइप यांनी हीच गोष्ट प्रयोगाने दाखविली. त्यांनी कोरलेली आज्ञावली बदलली नाही. निकाल दाखविणारा फलकच हुबेहूब दुसरा बसविला आणि त्याने खोटे आकडे दाखविले. ते यंत्र मुंबईतील सरकारी कोठारातले होते. त्याच्या चोरीच्या आरोपावरून हरिप्रसाद यांना अटकही झाली. निवडणूक आयोगाचे उत्तर असे की, मोहोरबंद व पहाऱ्यातील यंत्राला असा हात लावणे व्यवहारात शक्य नाही. हे उत्तर निरर्थक नव्हे. मात्र त्याचा अर्थ एवढाच की, सुरक्षितता शेवटी चिपमध्ये नसून पहाऱ्यात आहे.

१८८३ साली कर्कहॉफ्स या भाषापंडिताने गुप्तलेखनाविषयी एक तत्त्व मांडले : रचना शत्रूच्या हाती पडली तरी जी टिकते, तीच खरी सुरक्षित. २००९ साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने याहूनही पुढचे पाऊल टाकले. विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतदानाच्या मुख्य टप्प्यांची खातरजमा करता आली पाहिजे, असे सांगून त्याने तेथील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला.

भारताने मार्ग काढला तो कागदाचा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला दिसणारी चिठ्ठी आवश्यक मानली, आणि २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा आदेश दिला. सात सेकंद दिसून पेटीत पडणारी ती चिठ्ठी म्हणजे जुन्या पोलादी पेटीचाच अवतार होय. २०२४ च्या निर्णयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत मागणी केल्यास, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या कोरलेल्या आज्ञावलीची तपासणी करण्याची तरतूद केली. कुलूप उघडण्याचा अधिकार अशा रीतीने प्रथमच पराभूताच्या हाती आला.

निवडणुकीत विजेत्याला पुराव्याची गरज नसते; ती पराभूताला असते. डोंगरातील गावच्या मतदारालाही हेच लागू आहे. यंत्र बदलता येत नाही, एवढे आश्वासन त्याला पुरेसे नाही. ते तपासता येते, हे त्याला दिसले पाहिजे. विश्वास कुलपाने राखला जात असेल; पण तो निर्माण होतो उघडून दाखविण्यानेच.