जकात खात्यातला डॉक्टर

१ मार्च २००३ रोजी अमेरिकेत 'डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी' हे नवे खाते कामाला लागले, तेव्हा वेगवेगळ्या मंत्रालयांतून उचलून आणलेल्या २२ संस्था त्याच्या छपराखाली एकत्र आल्या होत्या. बंदरांवरचे सीमाशुल्क अधिकारी, मेक्सिकोच्या हद्दीवर गस्त घालणारे शिपाई, विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासणारे, तटरक्षक दल, राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणारी सिक्रेट सर्व्हिस, पूर-वादळात धावणारी आपत्ती निवारण यंत्रणा, असा सगळा मिळून सुमारे १,८०,००० माणसांचा हा पसारा होता. यातल्या काही संस्थांकडे स्वतःचे डॉक्टर होते. पण एवढ्या मोठ्या मनुष्यबळाच्या प्रकृतीबद्दल ज्याला जाब विचारता येईल, असा एकही वैद्यकीय अधिकारी खात्याच्या माथ्यावर नव्हता. खाते घाईत उभे राहिले म्हणून ते राहून गेले, असे म्हणता आले असते. मात्र पुढची वीस वर्षे पाहिली तर प्रश्न घाईचा नव्हता हे दिसते. सुरक्षा यंत्रणेला डॉक्टर कशासाठी हवा, हेच ठरलेले नव्हते. गंमत अशी की, या खात्यात आलेल्या सीमाशुल्क, तटरक्षक आणि सिक्रेट सर्व्हिस या तिन्ही संस्था मुळात अर्थखात्यात वाढलेल्या, आणि अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा जन्मही त्याच अर्थखात्यात झालेला. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्या घरात हा प्रश्न एकदा सुटला होता.

१७९८ साली अमेरिकी काँग्रेसने आजारी व अपंग खलाशांच्या मदतीचा कायदा केला. व्यापारी जहाजांवरच्या प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा २० सेंट कापायचे, ते बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याने गोळा करायचे आणि त्या पैशांतून खलाशांवर उपचार करवायचे, अशी ही योजना होती. सक्तीची वर्गणी आणि तिच्या बदल्यात उपचार ही कल्पना त्या काळाच्या मानाने पुढची होती. अंमलबजावणी मात्र पूर्णपणे जकातवाल्यांच्या हातात राहिली. कोणत्या बंदरात कोणता डॉक्टर नेमायचा, रुग्णालय चालवायचे की एखाद्या खासगी दवाखान्याशी करार करायचा, हे स्थानिक जकात अधिकारी आपल्या मर्जीने ठरवत, आणि त्या मर्जीत राजकीय वशिल्याचा वाटा मोठा असे. रुग्णालयाच्या जागाही खलाशांची वर्दळ कुठे जास्त आहे यापेक्षा कोणत्या लोकप्रतिनिधीचे वजन जास्त आहे यावरून ठरत. डॉक्टर होते, पैसा होता, इमारतीही होत्या; मात्र एका बंदरातल्या डॉक्टरचा दुसऱ्या बंदरातल्या डॉक्टरशी काही संबंध नव्हता आणि दोघांच्या वर वैद्यकीय ज्ञान असलेले कोणी नव्हते. यादवी युद्ध संपले तेव्हा या व्यवस्थेची पार रया गेली होती.

दुरुस्ती झाली ती १८७० च्या कायद्याने. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरने रुग्णालयांची पाहणी केली होती. त्यानंतर सगळी रुग्णालये वॉशिंग्टनमधल्या एका कार्यालयाखाली आणून त्यावर एक 'सुपरवायझिंग सर्जन' नेमण्याचे ठरले. १८७१ मध्ये या पदावर जॉन मेनार्ड वुडवर्थ आले. ते यादवी युद्धात जनरल शर्मनच्या सैन्यात काम केलेले डॉक्टर होते आणि सैन्याकडून त्यांनी तीन गोष्टी उचलल्या. डॉक्टरची भरती परीक्षा घेऊन करायची, त्याची नेमणूक एखाद्या गावासाठी न करता संपूर्ण सेवेसाठी करायची, म्हणजे त्याची कुठेही बदली करता येईल. आणि प्रत्येकाने अहवाल जकात अधिकाऱ्याला न पाठवता थेट वरिष्ठ डॉक्टरकडे पाठवायचा. डॉक्टरांना गणवेशही मिळाला. १८८९ मध्ये या व्यवस्थेला कायद्याने 'कमिशन्ड कोअर'चे रूप आले. वुडवर्थ यांच्या वाट्याला आलेले पद नावाने फार भारदस्त नव्हते. भरती, बदली आणि अहवाल या तिन्ही दोऱ्या त्या पदाच्या हातात होत्या, म्हणून त्याला वजन आले. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास समजून घेण्याची किल्ली इथे आहे. सुरक्षा किंवा महसुलाच्या खात्यात डॉक्टरला 'प्रमुख' म्हणणे सोपे असते. खालच्या डॉक्टरच्या नेमणुकीत त्याचा शब्द चालतो का आणि खालची खबर न अडता त्याच्यापर्यंत पोहोचते का, यावर ते प्रमुखपण खरे की कागदी हे ठरते.

या स्वायत्ततेची कसोटी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर लागली. १८९१ च्या कायद्याने देशात येणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली आणि १८९२ पासून या बेटावर ती सुरू झाली. जिने चढून येणाऱ्या माणसांच्या रांगेकडे डॉक्टर नजर लावून उभे राहत, आणि शंका आली की कोटावर खडूने अक्षर काढत. पण एखाद्याला परत पाठवायचे की नाही, हा निर्णय स्थलांतर निरीक्षकांचा आणि त्यांच्या चौकशी मंडळाचा. डॉक्टरांनी त्या मंडळावर बसायला नकार दिला: आम्ही रोगाचे प्रमाणपत्र देऊ, निवाडा तुमचा. त्यांचे हात त्यामुळे स्वच्छ राहिले असा दावा कोणी करू नये. ते प्रमाणपत्र हेच अनेकांच्या परतीचे कारण झाले. तरीही, एकाच इमारतीत काम करताना पोलिसी अधिकार आणि वैद्यकीय मत यांत रेघ ओढता येते, एवढे त्यातून दिसले. १९१२ मध्ये या सेवेचे नाव 'पब्लिक हेल्थ सर्व्हिस' झाले, आणि १९३९ मध्ये ती अर्थखात्यातून बाहेर पडली. सीमाशुल्क आणि तटरक्षक मागे राहिले. तटरक्षक दलाच्या जहाजांवर आणि दवाखान्यांत पब्लिक हेल्थ सर्व्हिसचे डॉक्टर जात राहिले आणि आजही जातात. पण खाते वेगळे झाले ते झालेच.

म्हणून २००३ मध्ये जुन्या अर्थखात्यातली भावंडे पुन्हा एकत्र आली, तेव्हा डॉक्टर त्यांच्यात नव्हता. २००१ च्या शरद ऋतूत टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सने २२ जणांना बाधा झाली आणि ५ जण दगावले होते; त्या धास्तीतून नव्या खात्याला आरोग्याचा एकच चेहरा दिसत होता, तो जैविक हल्ल्याचा. शहरांच्या हवेत जंतू शोधणारी 'बायोवॉच' यंत्रणा २००३ मध्येच सुरू झाली. औषधांचा राष्ट्रीय साठा आरोग्य खात्याकडून इकडे आणला गेला आणि २००४ मध्ये परत गेला. आपत्तीत धावणारी डॉक्टरांची पथकेही आली, आणि तीही २००७ च्या सुरुवातीला परत गेली. जुलै २००५ मध्ये मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी खात्याची फेररचना जाहीर करताना 'चीफ मेडिकल ऑफिसर' हे पद निर्माण केले. त्यावर जेफ्री रंज हे आपत्कालीन वैद्यकाचे डॉक्टर आले, तोवर कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले होते. २००६ च्या सुधारणा कायद्याने पदाला वैधानिक आधार दिला आणि २००७ मध्ये त्याभोवती 'ऑफिस ऑफ हेल्थ अफेअर्स' उभे राहिले. वादळ, साथ आणि जंतुयुद्ध यांवर मंत्र्यांना सल्ला देणे हा या कार्यालयाचा मुख्य उद्योग होता. खात्याच्या स्वतःच्या माणसांचे आरोग्य त्या यादीत होते; पण शेपटाला.

आता त्या माणसांना प्रत्यक्षात काय होत होते ते पाहावे. विमानतळावरचे तपासनीस दिवसभर जड बॅगा पट्ट्यावर चढवत आणि उतरवत. सुरुवातीच्या काही वर्षांत कामावर जखमी होण्याचे त्यांचे प्रमाण केंद्र सरकारच्या सर्व संस्थांत वरचे होते. पाठ, खांदे, मनगटे. अँथ्रॅक्सने त्यांच्यापैकी कोणाला आजारी पाडले नाही, सूटकेसने पाडले. सीमाशुल्क आणि सीमा गस्त यांच्या संयुक्त संस्थेत २००७ पासूनच्या दीड दशकात शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. हे आकडे जंतुशोधक यंत्राच्या जाळीत सापडणारे नव्हते. ज्या संकटासाठी कार्यालय उभे राहिले त्याची तयारी तरी नीट झाली का? साथीच्या तयारीसाठी काँग्रेसने २००६ मध्ये या खात्याला ४ कोटी ७० लाख डॉलर दिले होते. २०१४ मध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी त्याचा हिशेब मांडला. किती माणसांना काय लागेल याचा अंदाज न बांधताच मास्क आणि औषधे विकत घेतली गेली होती. गोदामांत सुमारे ३,५०,००० पांढरे अंगभर पोशाख आणि १ कोटी ६० लाख सर्जिकल मास्क होते, पण साथीच्या योजनेत त्यांचा उपयोग काय, हे खात्याला सांगता येत नव्हते. सहा वर्षांनी खरोखरच साथ आली.

२०१४ मध्येच खात्याच्या विनंतीवरून इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर अहवाल दिला. मनोबलाबद्दलचा एक अहवाल आदल्या वर्षी येऊन गेलाच होता. समितीचे म्हणणे थोडक्यात असे की, चीफ मेडिकल ऑफिसरच्या नावाला साजेसा अधिकार त्या पदाला नाही. प्रत्येक घटक संस्थेत एक जबाबदार वैद्यकीय अधिकारी असावा आणि त्या सगळ्यांना बांधणारी वैद्यकीय दिशा मध्यवर्ती असावी. यावरचा आक्षेप जुना आहे आणि पोकळ मुळीच नाही. बर्फाळ समुद्रात हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरणारा तटरक्षक, ॲरिझोनाच्या वाळवंटात चालणारा गस्तवाला आणि ओहायोतल्या विमानतळावर उभी असलेली तपासनीस यांच्या शरीरांना एकच नियम कसा लावायचा? वॉशिंग्टनमधल्या डॉक्टरला वाळवंट काय कळणार? शिवाय सिक्रेट सर्व्हिस आणि तटरक्षक दल यांना आपापल्या पद्धतीचा इतका अभिमान की बाहेरचा हुकूम त्यांच्या पचनी पडत नाही. पण वुडवर्थ यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. न्यू ऑर्लिन्समधला पीतज्वर आणि बॉस्टनमधला गोठलेला खलाशी यांत साम्य काय होते? त्यांनी उपचार एकसारखे केले नाहीत. डॉक्टर निवडण्याचा निकष, नोंदीची पद्धत आणि अहवालाची वाट एकसारखी केली. काम निरनिराळे असते म्हणूनच मोजमाप सामाईक लागते, एरवी कोणाची पाठ जास्त मोडते आहे हे कळायचे कसे? आक्षेपात तथ्य आहे ते उपचारापुरते. नोंद, निकष आणि उत्तरदायित्व यांना तो लागू होत नाही.

अहवालानंतर गाडी उलट्या दिशेने गेली. २०१७ च्या अखेरीस हेल्थ अफेअर्स कार्यालय मोडून ते अण्वस्त्र शोधणाऱ्या कार्यालयात मिसळले गेले, आणि सर्वसंहारक शस्त्रांचा मुकाबला हे नाव त्या मिश्रणाला मिळाले. खात्याचा मुख्य डॉक्टर बॉम्बवाल्यांच्या घरात भाडेकरू झाला. वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, सीमेवर ताब्यात घेतलेली ग्वाटेमालाची दोन मुले, एक ७ वर्षांचे आणि एक ८ वर्षांचे, आजारी पडून दगावली. त्यानंतर सीमा संस्थेने वैद्यकीय तपासणी झपाट्याने वाढवली, बहुतांशी कंत्राटदारांमार्फत. मग कोविड आला. जुलै २०२२ मध्ये, प्रितेश गांधी चीफ मेडिकल ऑफिसर असताना, 'ऑफिस ऑफ हेल्थ सिक्युरिटी' स्थापन झाले आणि कर्मचाऱ्यांचे आरोग्य, सुरक्षितता व सार्वजनिक आरोग्य एका डॉक्टरखाली आले. खाते सुरू होऊन १९ वर्षे उलटली होती.

अशा फेररचना म्हणजे पाट्या बदलण्याचा उद्योग, असे उपहासाने म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि वरची तारखांची माळ पाहिली तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्याहून गंभीर आक्षेप मात्र दुसराच आहे. पोलिसी खात्यातला बलवान डॉक्टर कोणाचा? मन अस्वस्थ असल्याचे सांगितले तर पिस्तूल काढून घेतील, या भीतीने गस्तवाला खात्याच्या डॉक्टरपासून लपवतो. कोठडीतल्या माणसासाठी तर तो डॉक्टर पहारेकऱ्याच्याच बाजूचा. मध्यवर्ती अधिकार वाढवला की हा संशय वाढेल, असे हे म्हणणे. ते मला पटत नाही, आणि त्याचे कारण मे २०२३ च्या एका घटनेत आहे. टेक्सासमधल्या हार्लिंजन येथे सीमा गस्तीच्या ताब्यात असताना ८ वर्षांची एक आजारी मुलगी मरण पावली. आई वारंवार मदत मागत होती. काही आठवड्यांतच खात्याच्या कार्यवाहक चीफ मेडिकल ऑफिसरने आपल्या टिपणात, पुरेसे वैद्यकीय उपचार न मिळाल्यामुळे हा मृत्यू झाला आणि तो टाळता येण्याजोगा होता, असे लिहिले. ठाण्यातला डॉक्टर ठाणेदाराला उत्तरदायी असेल तर त्याला हे वाक्य लिहिणे किती जड जाईल, याची कल्पना करता येते. सीमा संस्थेच्या उतरंडीबाहेर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ते लिहिता आले. त्याला जे करता आले नाही तेही त्याच घटनेत आहे: हार्लिंजनच्या ठाण्यात तपासणी करणारे वैद्यकीय कर्मचारी कंत्राटदाराचे होते, कंत्राट सीमा संस्थेचे होते, आणि त्यांची नेमणूक किंवा बदली करण्याचा जो अधिकार १८७१ साली वुडवर्थ यांच्याकडे होता, तो २०२३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या त्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नव्हता.