कामाच्या ठिकाणचा आवाज फोनवर कसा मोजायचा आणि कान कसे वाचवायचे?

माझा चुलत भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. वय फक्त ३१, पण फोनवर प्रत्येक वाक्य मला दोनदा बोलावं लागतं. आवाजाने गेलेलं ऐकणं औषधाने परत येत नाही, पण ते जाण्याआधी थांबवता नक्की येतं. कसं, ते पाहूया.

कानात नेमकं काय होतं?

आतल्या कानात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि नव्या उगवत नाहीत. सुरुवात बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास होते. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण स, श, फ अशी अक्षरं निसटतात आणि वाटतं की समोरचाच पुटपुटतोय.

रोजचा कोटा

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबल, ८ तास. डेटा पॅकसारखाच हा रोजचा कोटा समजा. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि कोटा निम्म्या वेळात संपतो:

• ८८ डेसिबल – ४ तास
• ९१ डेसिबल – २ तास
• ९४ डेसिबल – १ तास
• १०० डेसिबल – १५ मिनिटं

म्हणजे ९४ डेसिबलमध्ये ८ तासांची पाळी केली, तर एका दिवसात आठ दिवसांचा कोटा संपला!

फोनवर मोजायचं कसं?

आयफोनवर नायॉशचंच 'साउंड लेव्हल मीटर' ॲप मोफत मिळतं. अँड्रॉइडवर इतर ॲप आहेत, पण प्रत्येक फोनचा माइक वेगळा असतो, त्यामुळे आकडा अंदाज म्हणूनच घ्या. मोजताना कव्हर काढा, माइक बोटाने झाकू नका आणि फोन कानाच्या उंचीवर धरा. ॲप नसेल तर सोपी खूण: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज धोक्याचा आहे.

बचाव

१. आधी मशीनकडे बघा. ढिले नट, झिजलेले पार्ट, तेलपाणी नसणं यानेही आवाज वाढतो. ही दुरुस्ती मालकाकडे मागा.

२. विश्रांती आवाजापासून लांब घ्या.

३. फोमचा प्लग बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा.

४. प्लग पूर्ण पाळीभर ठेवा. ८ तासांपैकी १ तास जरी काढला, तरी कितीही महागडा प्लग असला तरी दिवसभराचं संरक्षण ९ डेसिबलच्या वर जात नाही.

५. इअरबड म्हणजे प्लग नव्हे. मशीनच्या आवाजावर मात करायला आपण गाण्याचा आवाज वाढवतो आणि कोटा अजून लवकर संपतो.

तपासणी कधी?

पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा आवाज दबल्यासारखा येत असेल, तर तो इशारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअर-हू' हे मोफत ॲप प्राथमिक चाचणीसाठी चांगलं आहे. मात्र खरं निदान ऑडिओमेट्रीतूनच होतं. गोंगाटात काम करत असाल तर ती वर्षातून एकदा करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला तोच कामी येईल.