स्लॅबखालची रात्र

मे महिन्यात तेलंगणातल्या बेज्जूरच्या एखाद्या नव्या स्लॅबच्या घरात रात्री नऊच्या सुमारास स्टुलावर चढून छताला हात लावून पाहा. सूर्य मावळून दोन तास उलटलेले असतात, तरी छत तापलेलेच लागते. चार-पाच इंचांचे काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि काही तासांनी ती उष्णता खोलीत सोडू लागते, नेमकी घर झोपायला टेकते तेव्हा. पंखा लावला तर छतालगतची गरम हवाच अंगावर येते. मग बाजा अंगणात निघतात, आणि पाण्याची सोय असेल तिथे संध्याकाळी स्लॅबवर बादल्या ओतल्या जातात. घरातला उष्मा आणि त्यापायी जळणारी वीज यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत मला याच छताखाली करायचे आहे. आपल्या मुलखापुरता हा विषय आधी छताचा आहे, यंत्रांचा नंतर.

पुस्तकांतून मात्र तो यंत्रांपासून सुरू होतो. डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेले, माणसाला उष्णता कितपत सुखद वाटेल याचे समीकरण नियंत्रित खोलीत बसवलेल्या माणसांवरून सिद्ध झाले होते. वातानुकूलित कचेऱ्यांना ते सोयीचे ठरले. पण माणूस खिडकी उघडतो, सुती कपडे घालतो, सावली धरून बसतो. मायकल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल यांनी हे जुळवून घेणेच अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. आपल्या जवळचे आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम माधवी इंद्रगंटी यांचे. २००८ मध्ये उन्हाळा-पावसाळ्यात त्यांनी हैदराबादच्या फ्लॅटमधल्या रहिवाशांना विचारून, सोबत तापमान मोजून नोंदी घेतल्या. लोकांना सुखद वाटणारे तापमान सुमारे २९ अंश निघाले, आणि चालण्याजोगा पट्टा २६ ते ३२ अंशांचा. तेव्हाची राष्ट्रीय इमारत संहिता २३ ते २६ अंश सांगत होती. संहितेच्या आकड्यावर घरे थंड करायची ठरवली तर विनाकारण किती वीज लागेल, हे या फरकातून कळते.

प्राणहितेच्या दोन्ही तीरांवरचे जुने घर वेगळ्या रीतीने वागते. शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर कवेलू. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि हलके छप्पर सूर्य मावळताच निवते. तरीही त्या घराचे गोडवे गाऊन थांबणे मला मान्य नाही. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कवेलू फेरावे लागतात, वानरे ते फोडतात, फेरणारी माणसे मिळत नाहीत. पक्के छत हवे ही इच्छा रास्तच आहे. ते छत रात्री निवावे कसे, हा आपला प्रश्न.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या इको-निवास संहितेने छतातून आत झिरपणाऱ्या उष्णतेला १.२ ही मर्यादा घातली. दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला इतके वॅट, असा त्याचा हिशेब. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. पण ही संहिता आली ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीत छत धोरण आणले, त्यातही ६०० चौरस यार्डांखालच्या घरांना ते ऐच्छिक आहे. त्याच राज्याच्या इंदिरम्मा घरकुल योजनेतले घर किमान ४०० चौरस फुटांचे. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर नुकताच स्लॅब आला, तीच घरे नियमाबाहेर राहिली. याची मला मनापासून खंत वाटते, कारण उपाय महागडे नाहीत. पांढरा चुना निम्म्याहून अधिक ऊन परत पाठवतो. धूळ बसली की दर उन्हाळ्यात पुन्हा मारावा लागतो, इतकेच. स्लॅबवर मडकी पालथी मांडून वर थर दिला तर अडकलेली हवा उष्णता अडवते, आणि आदिलाबादकडच्या कडाक्याच्या थंडीतही उपयोगी पडते. नुसत्या चुन्याला हा दुसरा गुण नाही. कूलर कोरड्या मे महिन्यात उत्तम. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा जोर ओसरतो.

अभ्यासाला लागणारी साधने थोडी आहेत. साधा तापमापक फक्त हवा मोजतो. छताकडून अंगावर येणारी धग पकडायला काळा रंग दिलेल्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात तापमापक बसवतात. दोन्ही शेजारी टांगून दर तासाला वाचावेत. स्वयंपाकघराची नोंद वेगळी ठेवा आणि ती घरातल्या बाईला विचारून भरा. दुपारी चुलीची धग आणि छताची धग तिथे एकत्र येते, आणि त्या खोलीचे अभ्यास मला अजून फार थोडे आढळले आहेत.