समुद्रातले जड धातू आणि तुमच्या ताटातली मासळी
रत्नागिरीची मासळी खाताना जड धातूंची भीती बाळगावी का? मासे सोडू नका, निवडून खा. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात विहीर खोदताना वापरतात त्या बराइट खनिजात पारा, कॅडमियम, शिसे अल्प प्रमाणात असू शकतात. समुद्राचे पाणी सतत बदलते, म्हणून शास्त्रज्ञ तळाचा गाळ आणि एका जागी राहून पाणी गाळणारी कालवे तपासतात.

मिथाइल मर्क्युरी हा पाऱ्याचा प्रकार मोठ्या शिकारी माशांत साठतो. शिजवल्याने जात नाही. भारतात त्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे. गर्भातील बाळाच्या मेंदूला धोका अधिक. म्हणून गरोदरपणी मोरी टाळा, पेडवे-बांगडा खा. हातापायांना मुंग्या येत राहिल्या किंवा तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा.