चित्तेवान आणि मोजदाद

कोल्हापूर संस्थान एके काळी चित्त्यांसाठी प्रसिद्ध होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात इथे पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा आणि कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. त्याला सांभाळणारा तो चित्तेवान. मी कविता लिहिणारा, म्हणून या शब्दापाशी थबकतो. 'चित्ता' संस्कृतातल्या 'चित्रका'पासून आला, 'वान' फारसीतून. एक जनावर सांभाळायला दोन भाषा एकत्र आल्या.

पण श्रोतेहो, जनावर सांभाळणे वेगळे आणि त्याची जात राखणे वेगळे. बंदिवासात चित्त्याची वीण क्वचितच होते. पाळीव चित्त्याला पिले झाली, ही गोष्ट बादशहा जहांगीरने नवल म्हणून नोंदवून ठेवली. त्यामुळे शिकारीसाठी रानातलेच चित्ते धरले जात. त्यात माळराने नांगराखाली गेली, काळवीट घटले. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनात, तेव्हा कोल्हापूरसह काही संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. हा इशाराच होता. पण रानात उरले किती, हे देशभर मोजण्याचे काम कोणाकडेच नव्हते. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

याच कोल्हापूरने पुढे वेगळा धडा गिरवला. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूरचे अभयारण्य झाले. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. वाघ मात्र जिल्ह्याची हद्द मानत नाही. गोवा-कर्नाटकाच्या जंगलांतून राधानगरीमार्गे तो चांदोलीकडे येऊ शकतो. म्हणून इथे एकट्या खात्याचे काम नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. एका जंगलातल्या कॅमेऱ्याने टिपलेला वाघ दुसरीकडे दिसला, तर पट्टे जुळवून तो ओळखता येतो. त्यासाठी राज्यांची वनखाती, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांनी आपापली छायाचित्रे एकमेकांसमोर ठेवावी लागतात.

२०२२ साली नामिबियातून आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होत्या. काही दगावले, काहींना पिले झाली. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद झाली. संस्थानी काळात आफ्रिकेतून चित्ते आले ते शिकारीसाठी. या वेळी ते आले रान पुन्हा वसवण्यासाठी, आणि त्यांची मोजदाद पहिल्या दिवसापासून सुरू झाली.