तौबेनंतर हरामाच्या पैशाचे काय? इस्लामी धर्मशास्त्राचे उत्तर

आखातातील एखाद्या इस्लामी बँकेचा वार्षिक अहवाल मराठी लेखापालाच्या हाती प्रथमच येतो, तेव्हा ताळेबंदासोबतचे एक विवरण त्याला थबकावते. दानधर्म निधीत रक्कम कोठून आली आणि कोठे गेली, याचा तो हिशेब असतो. हप्ता थकविणाऱ्या ग्राहकाकडून घेतलेला दंड किंवा चुकून जमा झालेले व्याज बँक आपल्या उत्पन्नात धरत नाही. ते या निधीकडे वळविले जाते. बहरीनस्थित ‘आयोफी’ या संस्थेच्या लेखामानकांनी ही पद्धत घालून दिली आहे.

तिच्यामागील प्रश्न मात्र बँकांपेक्षा कितीतरी जुना आहे. वाममार्गाने पैसा मिळविलेल्या माणसाला पश्चात्ताप झाला, तर त्या पैशाचे त्याने काय करावे?

मराठीत ‘तोबा’ हा शब्द कानाला हात लावण्यापुरता उरला आहे. अरबीत तौबा म्हणजे परत फिरणे. तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी तिच्या तीन अटी सांगितल्या : पाप थांबविणे, त्याचा खेद वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. परंतु त्या पापात दुसऱ्या माणसाचा हक्क अडकला असेल, तर चौथी अट येते : तो हक्क फेडणे. म्हणजे केवळ अश्रूंनी पैसा शुद्ध होत नाही. तो कोणाचा आहे, हे आधी ठरवावे लागते.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथातील हलाल-हराम प्रकरणात केला आहे. चांगला-वाईट पैसा एकमेकांत मिसळला असल्यास, निश्चित माहितीने किंवा प्रामाणिक अदमासाने हरामाचा भाग आधी वेगळा काढावा. मूळ धनी माहीत असेल तर तो भाग त्याला, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावा. सार्वजनिक धन बळकावले असेल, तर ते पूल, मशिदी, धर्मशाळा अशा लोकोपयोगी कामांसाठी खर्चावे. धनी सापडण्याची आशाच उरली नसेल, तर त्याच्या वतीने गरिबांना दान करावे.

या अखेरच्या सूचनेवर पूर्वीपासून आक्षेप होता : जे आपले नाही, ते दान कसे करणार? फुदैल इब्न इयाद या साधुपुरुषाच्या हाती अयोग्य मार्गाचे दोन दिरहम आले, तेव्हा त्यांनी ते दगडांत भिरकावून दिले, अशी आख्यायिका गझाली स्वतःच सांगतात. आणि तरीही दानाचीच बाजू घेतात. फेकलेला पैसा धन्याच्याही उपयोगी पडत नाही, गरिबाच्याही नाही. दान केल्यास धन्याला निदान पुण्य तरी लाभते. पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद यांचा दाखलाही ते देतात. खरेदीची किंमत न घेताच विक्रेता नाहीसा झाला. खूप शोधूनही न सापडल्याने इब्न मसऊदांनी ती रक्कम त्याच्या नावे दान केली. त्याला ते मान्य नसेल, तर पुण्य आपले आणि त्याचे देणे आपल्या शिरावर, अशी त्यांची भूमिका होती.

मद्यविक्री किंवा देहविक्रयाची कमाई हे वेगळेच प्रकरण. तेथे देणाऱ्याने राजीखुशीने दिलेले असते. ते परत केले, तर त्याला सुखही मिळाले आणि पैसेही, असे होईल, असा युक्तिवाद इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी केला. त्यांच्या मते असा पैसा दानातच जावा. हा तर्क बिनतोड वाटतो.

व्याजाबाबत कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील २७९वी आयत तौबा करणाऱ्या सावकाराला मुद्दल ठेवू देते, त्याहून अधिक नाही. रत्नागिरी-रायगडहून आखातात आलेल्या कोकणी मुसलमानांपुढे हा प्रश्न अनिवासी खात्याच्या पासबुकातून उभा राहतो. भारतातील अनेक उलेमांचा सल्ला असा की, व्याज बँकेत सोडू नये. काढून गरिबांना द्यावे, मात्र सवाबाची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा ठेवू नये. ते दान नव्हे, अंगावरचे ओझे उतरविणे होय.

समभागांसाठी ‘आयोफी’ने हिशेबाची रीतही दिली आहे. निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसेल, तरच गुंतवणूक चालते. तेवढेही उत्पन्न मात्र ठेवता येत नाही. समजा, कंपनीला ५० लाख रुपये व्याज मिळाले आणि तिचे १ कोटी समभाग आहेत. म्हणजे प्रत्येक समभागामागे ५० पैसे. १,००० समभाग असणाऱ्याने ५०० रुपये काढून टाकावेत, लाभांश मिळो वा न मिळो.

ज्याच्याकडे हरामाच्या कमाईखेरीज काहीच नाही, त्याचे काय? सारे काढून टाकून उपाशी बसायचे असेल, तर तौबा करण्यास कोण धजेल, ही अडचण शास्त्रकारांनी ओळखली होती. गझालींनी गरीब माणसाला, धनी अज्ञात असल्यास, गरजेपुरते ठेवण्याची मुभा दिली. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) आणखी पुढे गेले. तौबा केलेली देहविक्रय करणारी स्त्री किंवा मद्यविक्रेता निर्धन असेल, तर त्याच पैशातून त्यांना गरजेपुरते द्यावे. विणकाम, सूतकताई यांसारखा धंदा करता येत असेल, तर त्यासाठी भांडवलही द्यावे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.